‘कोन शे?’

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात एक ठराव आला. शेतवस्तीवर राहणाऱ्या ज्या कुटुंबाला बंदुकीचा परवाना हवा असेल त्याला तो मिळावा, अशी शिफारस गावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी, असा त्याचा मजकूर होता. गाव चोपडा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याजवळचे. कारण ताजे होते. दोनच आठवड्यांपूर्वी गावाबाहेरच्या एका मळ्यात चौघे शिरले होते. घरधनी रात्रीच्या लाइटवर, म्हणजे शेतीची वीज रात्री येते तेव्हा, गव्हाला पाणी भरायला गेलेला, घरात सासू-सून आणि दोन लेकरे. सासूच्या गळ्याला कोयता लावून त्यांनी कापसाचे पैसे आणि अंगावरचे सोने नेले. ओरबाडताना म्हातारीच्या कानाची पाळी फाटली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती दाराकडे बघत बसली होती. ठराव आणणाऱ्यांचा संताप खोटा होता असे मी कधीही म्हणणार नाही.

चर्चा मात्र वाईट झाली. एका बाजूने मर्दपणाच्या गोष्टी निघाल्या. ज्याला स्वतःचे घर राखता येत नाही त्याने बांगड्या भराव्यात, इथपर्यंत मजल गेली. दुसऱ्या बाजूला जळगाव-नाशिकला स्थायिक झालेली आमचीच मुले होती. त्यांचे म्हणणे एवढेच, की आपल्याला अमेरिका करायची आहे का, पोलिसांना फोन लावा. बंदूक घरात आल्यावर त्या घरात काय बदलते, याचा विचार पहिल्यांनी केला नाही. फोन लावल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ कसा काढायचा, याचा विचार दुसऱ्यांनी केला नाही. माझे मत मी त्या दिवशी नीट मांडू शकलो नाही, म्हणून इथे मांडतो. घर राखण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, अगदी जीव घेण्याच्या टोकापर्यंत मान्य आहे. पण घरोघर बंदूक देऊन तो हक्क राखला जात नाही. उलट ज्यांच्यासाठी तो हक्क आहे तीच माणसे त्यात आधी बळी पडतात. आणि जो बंदुकीला नको म्हणतो, त्याने मळ्यातल्या रात्री दोनच्या अंधाराला दुसरे काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे.

आधी कायदा बघू, कारण दोन्ही बाजूंनी त्याबद्दल चुकीचे बोलले गेले. चोराला हात लावला तर आपणच आत जाऊ, हा समज खोटा आहे. भारतीय न्याय संहितेतली कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचीच आहेत. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद ९६ ते १०६ या कलमांत होती. कलम ४१ तर स्पष्ट सांगते, की दरोडा, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की हल्ला झाला असता कायदा पाळणाऱ्या माणसाने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. पण त्याच कायद्यात कलम ३७ आहे. रक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. घरफोडीविरुद्धचा हक्क घरात शिरकाव चालू आहे तोवरच टिकतो. विहिरीवरची मोटारीची केबल कापून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालण्याचा हक्क कुणालाही नाही. आमच्याकडे चोऱ्या म्हणाल तर त्या केबलच्या, तांब्याच्या आणि डीपीतल्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाच्याच जास्त. परवाना मागणाऱ्या किती जणांनी हे लक्षात घेतले आहे?

आता बंदूक मागणाऱ्यांचे जे खरे आहे ते आधी पदरात घालतो. पोलीस ठाणे लांब आहे, हे खरे. हद्दीत पन्नास-साठ गावे, गाडी एखादी, रस्ते ठाऊक आहेत. चोरांकडे हत्यारे आधीच आहेत, हेही खरे. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशच्या हद्दीतली उमर्टी, आणि तिथला गावठी कट्टा चोपड्याच्या रस्त्याने खाली येतो, हे तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. देशात गोळी लागून होणाऱ्या खुनांत बिनपरवाना हत्यारेच जास्त असतात. मग कायदा फक्त प्रामाणिक माणसाचेच हात बांधतो, हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तिसरे म्हणजे परवाने मिळतात कुणाला? पुढारी, ठेकेदार, वाळूवाले यांना. लग्नाच्या वरातीत कमरेचे पिस्तूल दिसेल असा सदरा घालणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या जिवाला धोका आणि मळ्यातल्या सुनेच्या जिवाला नाही, असे कोणत्या मापाने ठरले? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण हा अन्यायच आहे. पण पुढाऱ्याच्या कमरेला पिस्तूल आहे म्हणून प्रत्येकाच्या कमरेला हवे, हा त्यावरचा न्याय नव्हे. ते पिस्तूल काढून घेणे हा न्याय आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनातच गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच महिन्यात दहिसरला समाजमाध्यमांवर थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी नगरसेवकाचा जीव घेतला गेला, आणि ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. परवाना कागदावर एका कामासाठी असतो, हत्यार वापरले जाते दुसऱ्याच कामासाठी.

इतिहासाचाही दाखला ग्रामसभेत दिला गेला, आणि तो देणारा गुरुजी अभ्यासू होता. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनने आणला, गोऱ्यांना मोकळीक आणि आपल्याला बंदी. देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांपैकी आहे, असे गांधीजींनीही लिहिले होते. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. हे सगळे खरे. पण कराचीच्या ठरावातच तो हक्क नियमांच्या चौकटीत मागितला होता, हे सांगायचे राहून गेले. १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी कराचीचा दाखला देत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. शस्त्रावर राज्याचे नियंत्रण हवे, अशी त्यांची भूमिका होती. परक्या राज्याने शस्त्र हिसकावणे वेगळे आणि आपण निवडलेल्या राज्याने सगळ्यांच्या वतीने ते आवरणे वेगळे.

आता जे मी ग्रामसभेत बोलू शकलो नाही ते सांगतो. बारा वर्षे झाली. तेव्हाही कापसाचे दिवस होते, भाव वाढेल म्हणून खोल्या कापसाने भरलेल्या. शेजारच्या शिवारात चोरी झालेली, त्यामुळे आठवडाभर कुणी नीट झोपले नव्हते. रात्री दीडच्या सुमाराला मागच्या दाराचा कडी-कोयंडा वाजला. मी उठलो. उशाशी कुऱ्हाड होतीच. दार हळूच आत ढकलले गेले, अंधारात एक आकृती वाकून आत आली, डोक्यावर घोंगडे. माझ्या तोंडून ‘कोन शे?’ निघाले की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी घाव घातला. आकृती दचकून बाजूला झाली म्हणून पाते दाराच्या चौकटीत घुसले. मग आवाज आला, “आबा, मी शे, मी!” माझा पुतण्या होता. डीपीवर फ्यूज उडाला म्हणून मोटर बंद करून परत आला होता, आणि पुढच्या ओट्यावर चिखलाचे पाय नकोत म्हणून मागून आला होता. कुत्रा भुंकला नव्हता. तेवढ्यावरून मला कळायला हवे होते, पण भीतीने कान भरले की न भुंकणारा कुत्रा ऐकू येत नाही. पुतण्याला आता दोन मुली आहेत. सागवानी चौकटीत बोटभर खोल खाच आहे. ती मी बुजवू दिलेली नाही. माझ्या हातात कुऱ्हाडीऐवजी बाराबोर असती तर? कुऱ्हाडीला जवळ जावे लागते, हात उचलावा लागतो, तेवढ्यात समोरचा बोलू शकतो, सरकू शकतो. छर्ऱ्याला एवढा वेळ लागत नाही.

हे एकट्या माझ्या घाबरटपणामुळे घडले असे कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात बॅटन रूज गावी ऑक्टोबर १९९२ मध्ये योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवून बसला. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला आणि थांब म्हणाला. परक्या भाषेतला तो शब्द त्या मुलाला कळला नसावा. तो पुढे आला आणि मेला. घरमालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला. कायद्याच्या दृष्टीने त्याची भीती खरी होती. भीती खरी असते, समोरचा माणूस मात्र चोर नसतो. इंग्लंडात १९९९ साली टोनी मार्टिन या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्यांवर गोळ्या झाडल्या. ते खरोखरच चोर होते. पण मेला तो सोळा वर्षांचा पोरगा, आणि तो पळत होता.

एवढे लांब तरी कशाला जायचे? आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी काय झाले? मुले पळवणारी टोळी आली ही अफवा, आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. मारणाऱ्यांना विचारले असते तर तेही म्हणाले असते, आम्ही आमची लेकरे राखत होतो. त्या दिवशी त्या गावात घरोघर बंदुका असत्या तर कुणाचे भले झाले असते? रात्री आमच्या शिवारात कोण कोण फिरते, तेही आठवून बघा. केळीचा ट्रक भरणारे मजूर, ऊसतोडीच्या टोळ्या, मेंढ्या बसवणारे ठेलारी, डोंगरातून कामाला उतरलेली पावरा आणि भिल्ल कुटुंबे, रात्रीच्या लाइटवर पाणी धरणारे सालदार. संशय आधी कुणावर जातो, हे मी सांगायची गरज नाही. चाप ओढला गेला तर बळी याच लोकांतला पडेल.

बरे, बंदूक आणली. ती ठेवायची कुठे? कपाटात कुलूप लावून आणि काडतुसे वेगळी ठेवली, तर गळ्याला कोयता लागल्यावर ती सापडेपर्यंत सगळे संपलेले असते. भरून उशाखाली ठेवली, तर घरात लेकरे आहेत. यातला मधला मार्ग कुणी मला दाखवावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी घुसली, ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, त्याच्याच घरात. शिवाय रोजचे वर्तमानपत्र उघडा. ‘बंद घर फोडले’ हीच बातमी पुन्हापुन्हा दिसते. लग्नाला, दहाव्याला, सप्तशृंगीला सगळे गेले की घर फुटते. बंद घरातली बंदूक कुणाला राखणार? ती सोन्याबरोबर जाईल, आणि पुढच्या मळ्यावर आपलीच बंदूक घेऊन चोर उभा राहील.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. आपल्या भागात बोंडअळी, गारपीट, कर्ज यांनी किती घरांतला कर्ता माणूस नेला, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. साधन हाताशी असण्याने फरक पडतो. श्रीलंकेने सर्वांत जहरी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथल्या आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या. औषध प्यायलेल्याला बैलगाडीत घालून, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेऊन वाचवल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. ती माणसे आज नातवंडे खेळवत आहेत. बंदुकीने दुसरी संधी मिळत नाही. चोर वर्षातून एखाद्या रात्री येईल किंवा येणारही नाही. कर्ज आणि उदासी त्या घरात रोज झोपायला असतात.

बंदूक हवी म्हणणारे डोड्याचे आणि आसामचे नाव घेतात. जम्मूतल्या डोडा भागात १९९५ पासून ग्रामसंरक्षण समित्यांना थ्री नॉट थ्री रायफली दिल्या गेल्या. आसाम सरकारने मे २०२५ मध्ये संवेदनशील भागातल्या मूळ रहिवाशांना परवाने देण्याचा निर्णय घेतला. डोड्यात गावेच्या गावे कापायला दहशतवादी येत होते, आणि तिथेही रायफल घराला नव्हे, समितीला दिली होती. आमच्यावर ती वेळ नाही, आणि यावी असेही कुणाला वाटत नाही. आसामच्या निर्णयाचे फळ काय निघते ते काळ सांगेल. पण जिथे समाजा-समाजात आधीच तेढ आहे तिथे एका बाजूच्या हातात बंदूक देणे मला धोक्याचे वाटते.

खानदेशाने हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. १८०२ पासून होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. ज्याच्यात ताकद होती त्याने गढी बांधली आणि अरब शिबंदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, पदरी ठेवली. आज गावोगाव पांढऱ्या मातीचे जे ढिगारे उभे आहेत, त्यातले कितीतरी त्या भीतीचे अवशेष आहेत. गढ्यांनी शांतता आली का? शिबंदीच धन्याच्या डोक्यावर बसली. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले ते हेच अरब. उघड्या गावात राहणारा कुणबी तेव्हाही लुटलाच जात होता. त्याआधी गावाची राखण होती जागल्याकडे, बहुधा भिल्लाकडे. चोरी झाली की त्याने माग काढायचा, माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाकडे. त्याबदल्यात त्याचा ठरलेला हक्क गावाने द्यायचा. ते हक्क बुडाले, थांबले, तेव्हा राखणदारच लुटीला बाहेर पडले. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, जमिनी आणि तगाई देऊन माणसे वसवली, तेव्हा कुठे हा मुलूख निवू लागला. ते परके राज्य होते आणि त्याचा हेतू स्वतःच्या वसुलीचा होता, हे मी विसरत नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक १८५७ साली त्याच राज्याविरुद्ध उठला, आणि पुढच्या वर्षी अंबापाणीला भिल्लांचे रक्त सांडले. तरी एवढे त्यातून दिसते, की राखण हे सगळ्या गावाने मिळून करायचे आणि त्याचे मोल द्यायचे काम आहे. ते एकेका घरावर टाकले की गढी तेवढी उभी राहते, गाव उघडे पडते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. ग्रामसुरक्षा दल कागदावर आहे, ते रस्त्यावर यावे. रात्रीच्या गस्तीला जाणाऱ्या पोरांना ग्रामनिधीतून मानधन मिळावे, आणि त्यात आदिवासी वस्तीतली पोरेही बरोबरीने असावीत. एक फोन लावला की साऱ्या गावाचे मोबाइल एकदम वाजतात, अशी ग्रामसुरक्षा यंत्रणा नगर, नाशिक, पुण्याकडच्या कित्येक गावांत चालते. ती प्रत्येक शेतवस्तीपर्यंत यायला हवी. ११२ ची गाडी किती वेळात पोचली याचा हिशेब पोलीस पाटलाने दर ग्रामसभेत वाचून दाखवावा. उमर्टीच्या वाटेवरची नाकाबंदी निवडणुकीपुरती नको. आणि शेतीची वीज दिवसा हवी. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून ऐकतो आहोत, आमच्या फीडरवर अजून आळीपाळीची रात्र चुकलेली नाही. मळ्यातला पुरुष रात्री घरात नसतो हे चोराला कोण सांगते? लाइटचे वेळापत्रक सांगते.

ठराव त्या दिवशी मतास गेला नाही. गलका चालू असताना ज्या घरात चोरी झाली त्या घरची सून उठून उभी राहिली. सरपंचांनी विचारले, ताई, तुम्हाला बंदूक हवी का? ती म्हणाली, “बंदूक लिसन मी काय करू? तो रातले पानी भराले जास. त्याले दिवसनी लाइट द्या.” ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात लिहिले की नाही, मला ठाऊक नाही. १ मेच्या ग्रामसभेत मी नवा ठराव मांडणार आहे, आणि त्याची पहिली ओळ तिच्याच शब्दांत, अहिराणीत लिहिली आहे.